ओझं उचला, पण कंबरेनं नव्हे!

गॅसचं भरलेलं सिलिंडर किती वजनाचं असतं, याचा कधी हिशेब केला आहे का तुम्ही? आतला गॅस १४.२ किलो आणि लोखंडी टाकी साधारण १५-१६ किलो. म्हणजे झाले की जवळजवळ ३० किलो! सिलिंडरवाल्यानं ते दारात टेकवलं की पुढं स्वयंपाकघरापर्यंत न्यायचं काम बहुतेक घरांत कुणाकडं असतं, हे सांगायला नकोच. न्हाणीघरातली काठोकाठ भरलेली बादली १५-२० किलोंची. दोन वर्षांचं गुटगुटीत मूल १०-१२ किलोंचं, आणि ते दिवसातून वीस वेळा कडेवर यायचा हट्ट धरतं. दिवाळीच्या साफसफाईत हलवलेले गव्हातांदळाचे डबे यात धरलेलेच नाहीत.

आणि एवढं सगळं उचलणाऱ्या बाईला घरचे, शेजारचे, कधीकधी डॉक्टरसुद्धा बजावतात, ‘आता चाळिशी उलटली, वजन उचलू नका हं!’ उचलू नका म्हणजे काय करायचं? सिलिंडर काय आपल्या पायांनी चालत ओट्याखाली जाणार आहे? सल्ला काळजीपोटीच दिलेला असतो, पण तो अर्धवट आहे. ओझं तर चुकत नाही आणि ते पेलायची ताकद मात्र वर्षागणिक कमी होते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज झपाट्यानं होते. स्नायूंना कामच दिलं नाही, तर तेही रोडावतात. मग एक दिवस साधी उशी उचलतानाही उसण भरते.

यावर उपाय आहे तो ओझं उचलण्याचाच व्यायाम करण्याचा. व्यायामशाळेत त्याला ‘डेडलिफ्ट’ म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. जमिनीवर निश्चल पडलेलं वजन उचलून सरळ उभं राहायचं, एवढाच त्याचा अर्थ. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत जे तीन प्रकार असतात, त्यांतला हा एक. पण स्पर्धेचं सोडा. घरात दिवसभर आपण जे करतो, तेच इथं नीट शिकून करायचं असतं.

‘म्हातारपणी कसले हे भलते उद्योग?’ असं मनात आलं असेल, तर ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग ऐका. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रिया, सरासरी वय ६५! त्यांतल्या निम्म्यांना आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-अर्धा तास, जाणकारांच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट, खांद्यावर वजन घेऊन बैठका आणि वजन डोक्यावर नेणं असे भारी व्यायाम दिले. उरलेल्यांना घरच्या घरी करायचे हलके व्यायाम. आठ महिन्यांनी पाहिलं, तर भारी वजन उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढलेली आणि हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटलेली. मात्र पहिला महिना त्यांना हलक्या वजनावर फक्त पद्धत शिकवली होती, हे विसरू नका. आपणही तिथूनच सुरुवात करू.

वाकायचं कुठून?

सगळी मेख इथंच आहे. आपण ‘कंबरेतून वाकतो’ असं म्हणतो आणि करतोही तसंच. पाठीची कमान होते, गुडघे ताठ राहतात आणि सगळा भार कमरेच्या लहान स्नायूंवर येतो. शरीरातले सर्वांत बळकट स्नायू म्हणजे मांड्यांचे आणि नितंबांचे. ते बिचारे नुसते बघत बसतात! त्यांना कामाला लावायचं, तर खुब्यातून वाकायला हवं. मांडी आणि पोट जिथं मिळतात, त्या घडीत दोन्ही हातांच्या कडा ठेवून पाहा. वाकताना ती घडी मिटली पाहिजे.

हे शिकायला वजन लागत नाही, भिंत लागते. भिंतीकडं पाठ करून, वीतभर अंतर ठेवून उभ्या राहा. पावलांत खांद्यांइतकं अंतर. गुडघे किंचित सैल सोडा आणि मागं स्टूल आहे असं समजून बसायचा भाग मागं ढकला, भिंतीला टेकेपर्यंत. धड आपोआप पुढं झुकेल. आता फरशी पुसायच्या मॉपचा दांडा पाठीवर उभा धरा. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी तो टेकलेला राहिला पाहिजे. वाकताना कुठं सुटला, तर पाठ वाकली असं समजा. आठवडाभर रोज दहा-पंधरा वेळा एवढंच करा. कंटाळा येईल, पण हे टाळून पुढं जाऊ नका.

मग बादली घ्या. बादलीसारखं सोयीचं वजन नाही, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि दुधाच्या मापानं हवं तेवढंच वाढवता येतं. पाच लिटरपासून सुरुवात करा. कडी मजबूत आहे ना, तेवढं बघा. बादली दोन्ही पावलांच्या मधोमध, अगदी शरीरालगत हवी. हातभर पुढं ठेवलेली बादली कमरेला कितीतरी जड पडते. तराजूचा दांडा लांब झाल्यासारखंच ते. पावलं थोडी फाकलेली, चवडे किंचित बाहेर. खुब्यातून वाका, गुडघे लागतील तेवढेच वाकवा आणि दोन्ही हातांनी कडी धरा. हात दोरासारखे सरळ. कोपरातून ओढायचं नाही. खांदे कानांपासून खाली. श्वास घ्या आणि कुणी पोटात बोट खुपसणार आहे अशा बेतानं पोट घट्ट करा. आता बादली वर ओढण्याऐवजी पायांनी जमीन खाली दाबा. उभ्या राहिलात की नितंब आवळा, पण मागं झुकू नका. श्वास सोडा. ठेवताना तीच वाट उलटी: आधी बसायचा भाग मागं, मग गुडघे. उचलताना नीट आणि ठेवताना धपकन, असं पुष्कळजणी करतात आणि उसण नेमकी तेव्हाच भरते.

कडीपर्यंत पोचताना पाठ वाकत असेल, तर बादली पाटावर ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. साडी नेसून करणार असाल, तर निऱ्या वर खोचा. पायाखाली आल्या तर तोल जाईल. मऊ तळव्याच्या चपलांपेक्षा अनवाणी बरं. पण ओल्या फरशीवर नको.

आठ वेळा उचलायचं, दोनेक मिनिटं थांबायचं, असं तीनदा. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. मधे विश्रांती हवीच. आठही वेळा सहज जमलं, तर पुढच्या खेपेला एक लिटर वाढवा.

निरनिराळे प्रकार

पावलं फाकवून, हात गुडघ्यांच्या आत ठेवून उचलण्याच्या या पद्धतीला ‘सुमो’ म्हणतात, जपानी पैलवान तसे उभे राहतात म्हणून. मूल उचलायला आणि सिलिंडर उंबऱ्यावरून घ्यायला हीच सोयीची. (सिलिंडरला दोघं असतील तर उत्तमच. नवऱ्याला किंवा मुलाला हाक मारायला लाजू नका!) नेहमीच्या पद्धतीत पावलं जवळ आणि हात गुडघ्यांच्या बाहेर असतात, व्यायामशाळेतला लांब दांडा असाच, नडग्यांना लागून वर येतो.

‘रोमानियन’ प्रकारात वजन जमिनीवर टेकवायचंच नाही. उभ्यानं हातात धरायचं, खुब्यातून वाकत नडगीच्या मध्यापर्यंत न्यायचं आणि परत वर यायचं. मांडीमागच्या शिरा ताणल्या जातात, तेव्हा कळतं की बरोबर जमलं. गाद्या घालताना, कपाटाचा खालचा कप्पा आवरताना आपण असंच वाकतो. एकाच हातात पिशवी घेऊन उचलायचा प्रकार मंडईतून येणाऱ्यांच्या कामाचा. त्यात धड एका बाजूला कलू द्यायचं नाही आणि मग हात बदलायचा.

व्यायामशाळेत जाणार असाल, तर तिथं षट्कोनी दांडा आहे का विचारा. त्याच्या आत उभं राहायचं असतं, त्यामुळं वजन पुढं जात नाही. नवशिक्या बाईला त्याहून सोपं काही नाही. ‘दंड फुगून पुरुषी दिसेन’ ही भीती मात्र काढून टाका. स्नायू तसे फुगायला लागणारं संप्रेरक आपल्यात पुरुषांपेक्षा फारच थोडं असतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुसतं ‘नीट वाका’ असं शिकवून पाठदुखी थांबत नाही; ओझी वाहणाऱ्या कामगारांना असं शिकवण दिल्यावर काय होतं, याच्या अभ्यासांतून ते दिसलं आहे. पाठ काही काचेची नाही. एखाद वेळी वाकडं वाकलं म्हणून मणका सरकत नाही. ताकद हवी, आणि ती रोजच्या ओझ्यापेक्षा थोडी जास्त हवी. म्हणून तर हळूहळू वजन वाढवायचं. पाच लिटरवर वर्षभर थांबलात, तर पाच लिटरचीच ताकद येईल.

गरोदरपणी, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, हर्निया असेल, अंग बाहेर येत असेल किंवा हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिकताना कुणी जाणकार समोर असू द्या. रक्तदाब असेल, तर श्वास कोंडून धरू नका. उचलता उचलताच हळू सोडा. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि बसायचा भाग ठणकला, तर काळजीचं कारण नाही, तो दोन दिवसांत उतरतो. पण कळ कमरेतून पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाय लुळा पडल्यासारखा वाटत असेल, तर बादली बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि लघवीवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.