‘भाऊबंदकी’ : चुलत्याचा लोभ आणि शास्त्रीबुवांचा निवाडा

शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ मराठीत एकदा नव्हे, अनेकदा आले. शिवराम महादेव परांजपे यांनी त्याचा ‘मानाजीराव’ केला, वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘राजमुकुट’ लिहिले. तरीही राज्यलोभ, मनाची टोचणी आणि अधःपात या तिन्ही गोष्टी मराठी प्रेक्षकाच्या अंतःकरणाला खऱ्या भिडल्या त्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’मुळे. हे नाटक १९०९ मध्ये रंगभूमीवर आले. खाडिलकर शेक्सपिअरचे मर्मज्ञ होते. पण येथे त्यांना परक्या देशातला राजा उसना आणावा लागला नाही. पुण्याच्या शनिवारवाड्यातच त्यांना विषय मिळाला.

राघोबादादा हा काही सामान्य पुरुष नव्हता. १७५८ मध्ये लाहोरपर्यंत धडक मारणाऱ्या मराठी फौजांचा तो सेनापती. मोहिमेचा लौकिक मोठा झाला, पण दौलतीच्या पदरी वसुलाऐवजी कर्ज आले. पराक्रमी माणसाला हिशेब नकोसा वाटतो, हे त्याच वेळी दिसले होते. पुतण्या माधवराव पेशवा झाला तेव्हा चुलत्याला हे अधिपत्य सहन झाले नाही. धोडप येथे १७६८ मध्ये त्याचा पराभव झाला आणि तो शनिवारवाड्यात नजरकैदेत पडला. पुढे थेऊर येथे मृत्युशय्येवर असताना माधवरावांनी धाकट्या भावाला, नारायणरावाला, याच चुलत्याच्या हाती सोपविले. मॅकबेथने घरी आलेल्या पाहुण्याचा घात केला. राघोबाच्या हाती तर ठेव म्हणून दिलेले मूल होते. हा फरक व्यापारी घराण्यांना वेगळा समजावून सांगायला नको. पेढीवरच्या अज्ञान पुतण्याचा वाटा ज्याच्या स्वाधीन असतो, त्या चुलत्याची कसोटी परक्या माणसाहून अधिक कठीण असते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, सुमेरसिंग आदी गारद्यांनी वाड्यात शिरून अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणरावाचा वध केला. पेशव्याला धरण्याच्या हुकुमातील ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. मात्र ती लोकांच्या तोंडी जितकी पक्की आहे, तितकी इतिहासाच्या कागदांत नाही. नाटकाला त्या कथेचा आधार पुरेसा होता. डळमळणाऱ्या पतीला पुढे रेटणारी आनंदीबाई लेडी मॅकबेथची आठवण करून देते. मुंबई मराठी साहित्य संघाच्या प्रयोगांत नानासाहेब फाटक राघोबा आणि दुर्गाबाई खोटे आनंदीबाई होत; पुढे ‘राजमुकुट’मध्येही हीच जोडी उभी राहिली, यात नवल नाही.

परंतु खाडिलकरांचे खरे सामर्थ्य रामशास्त्री प्रभुण्यांच्या पात्रात आहे. ‘मॅकबेथ’मध्ये असे पात्रच नाही. तेथे अपराध्याचा न्याय त्याचे मनच करते : झोप उडते, हाताचे रक्त धुतले जात नाही, मेजवानीत मारलेल्याचे भूत येऊन बसते. आपल्या नाटकात तीच टोचणी न्यायाधीशाचे रूप घेऊन समोर उभी राहते. रामशास्त्र्यांजवळ ना फौज, ना पैसा. सत्ताधीशाच्याच अन्नावर असलेला हा ब्राह्मण त्याच्याच दरबारात सांगतो की, या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही. आणि पद टाकून पुण्याबाहेर पडतो. चाकरी करणाऱ्या माणसाने ‘नाही’ म्हणावे, आणि तेही लेखी कलमाच्या आड न लपता, हे तेव्हाही दुर्मीळ होते. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना हे नाटक पाहणाऱ्यांना रामशास्त्र्यांच्या वाणीत आणखी कोणाची वाणी ऐकू आली असेल, ते सांगणे नको.

मॅकबेथ रणांगणावर मारला जातो. राघोबाला तसे मरण आले नाही, आणि माझ्या मते नव्हे, कागदांच्याच साक्षीने पाहिले तर ते अधिक दारुण ठरले. नाना फडणीस, सखारामबापू आदी बारभाईंनी त्याला बाहेर काढले. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावाच्या विधवा पत्नी गंगाबाई पुरंदरावर प्रसूत झाल्या आणि अवघ्या चाळीस दिवसांचा सवाई माधवराव पेशवा झाला. ज्या गादीसाठी रक्त सांडले, ती गादी त्याच रक्ताच्या तान्ह्या मुलाने घेतली. राघोबाने मार्च १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि त्यांच्या फौजेच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली. सात वर्षे लढाई चालली. अखेर १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्याला सालिना ३ लाखांचे वेतन मिळाले. लाहोर जिंकणारा पुरुष पेन्शनवर आला, आणि पुढच्याच वर्षी कोपरगावी मरण पावला.

‘भाऊबंदकी’ नाटक येथवर येत नाही. हिशेब मात्र पुढे चालू राहिला. राघोबाचा पुत्र दुसरा बाजीराव १७९६ मध्ये गादीवर बसला. फेब्रुवारी १८१८ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे त्याचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले. मे महिन्यात सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला इंग्रजांचा वेढा पडला आणि आतील शिबंदीने शस्त्रे खाली ठेवली. जूनमध्ये बाजीरावाने शरणागती पत्करली. त्याला सालिना ८ लाख मिळाले, आणि गंगेकाठी बिठूरला राहण्याची परवानगी.