प्रारूप रेल्वेच्या रुळांचे पॉलिश

प्रारूप रेल्वेच्या रुळांचे पॉलिश म्हणजे लघुरेल्वेच्या रुळांचा माथा टप्प्याटप्प्याने घासून गुळगुळीत करण्याची प्रक्रिया होय. इंजिनाला वीज अखंड मिळावी व गाडी अडखळू नये, हा तिचा उद्देश असतो. महाराष्ट्रात प्रारूप रेल्वेचे परिचित ठिकाण म्हणजे पुण्यातील कोथरूड येथील, भाऊ जोशी यांनी उभारलेले जोशी लघुरेल्वे संग्रहालय. ते १९९८ मध्ये सुरू झाले.

कारण

एचओ हे प्रचलित प्रमाण १:८७ असून त्यातील रुळांमधील अंतर १६.५ मिमी असते. दोन-रूळ पद्धतीत इंजिनाची मोटर दोन्ही रुळांवरून चाकांमार्फत वीज घेते. चाक व रूळ यांचा संपर्क अगदी थोड्या जागी होतो. तेथे धूळ वा तेलकट थर आल्यास सूक्ष्म ठिणग्या उडतात आणि काळा थर वाढत जातो. जाड घासकागदाने पडलेल्या ओरखड्यांत हीच घाण साचते. त्यामुळे चुकीच्या सफाईनंतर रूळ पूर्वीपेक्षा लवकर मळतो.

रुळाचा धातू

बहुतेक आधुनिक रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. भांड्यांमुळे परिचित असलेले जर्मन सिल्व्हर ते हेच. नावात सिल्व्हर असले तरी हा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू आहे. त्यात चांदी नसते.

कृती

१. वीज बंद करून गाड्या उतरवतात व रूळ पुसून घेतात.
२. लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश कागद गुंडाळून रुळाच्या लांबीच्या दिशेने घासतात. साधारण ६०० क्रमांकापासून १००० व २००० पर्यंत जातात. आधीच्या कागदाचे ओरखडे गेल्यावरच पुढचा कागद घेतात.
३. प्रत्येक टप्प्यानंतर धातूची भुकटी पुसतात.
४. स्टेनलेस स्टीलची गुळगुळीत चकती दाबून फिरवतात. त्यामुळे उरलेले सूक्ष्म उंचवटे दबतात.
५. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने रूळ पुसतात. हा द्रव ज्वलनशील असल्याने तो पूर्ण वाळेपर्यंत वीज सुरू करत नाहीत.

मर्यादा व दक्षता

मुलामा दिलेले रूळ घासल्यास मुलामा निघून जातो. पोलादी लोकर वापरल्यास तिचे तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात व बिघाड होतो. सैल जोड किंवा मळलेली चाके यांचा दोष पॉलिशने दूर होत नाही; चाके अस्वच्छ राहिल्यास ती स्वच्छ रूळ पुन्हा मळवतात.