आमदाराच्या दारातली नोंदवही

एका आमदाराचा कार्यअहवाल हातात आला होता. पूल, समाजमंदिर, व्यायामशाळा, सिमेंट रस्ते अशी कामांची लांब यादी. त्या यादीत मध्येच एक ओळ होती : वन्यप्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना मिळणारी मदत वाढून पंचवीस लाख झाली. त्याखाली लगेच पुढच्या रस्त्याची लांबी. माणूस मेल्यावर मिळणारी रक्कम विकासकामांच्या यादीत येते, याचा अर्थ इथे लोकप्रतिनिधीचं काम मृत्यूच्या बरंच जवळ गेलं आहे. ते काम कसं चालतं हे पाहायला मी चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात गेले.

मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हे धानाचे तालुके. बांधी संपली की जंगल लागतं, आणि पुष्कळ गावांत दोन्हींच्या मध्ये कुंपणसुद्धा नसतं. वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीचे आरमोरी, वडसा. तिथेही चित्र हेच आहे. तेरा माणसांचा बळी घेणारा सीटी-वन हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात जेरबंद झाला. त्याच्या वर्षभर आधीपासून छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा कळपही त्या बाजूच्या शेतांत फिरू लागला होता. राज्यात वाघ किती, तर २०२२ च्या गणनेनुसार ४४४. त्यातला मोठा वाटा एकट्या चंद्रपूरचा, आणि यातले बरेच वाघ ताडोबाच्या हद्दीबाहेर, गावांच्या शेजारी राहतात.

ज्या जनसंपर्क कार्यालयात मी बसले ते कोणाचं, हे सांगण्याची गरज नाही. दोन्ही बाजूंच्या पक्षांची अशी कार्यालयं या भागात आहेत आणि सगळीकडे काम सारखंच चालतं. भिंतीवर नेत्यांचे फोटो, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, लेटरहेडचा गठ्ठा आणि शिक्का. आमदार मुंबईत होते. टेबलामागे त्यांचे स्वीय सहायक होते, पन्नाशी ओलांडलेले आणि कमी बोलणारे. लोक येत, निवेदन देत. सहायक ते वाचत, पत्र तयार करत आणि लांब नोंदवहीत एक ओळ लिहीत. घरकुल, रेशनकार्ड, दवाखान्याची मदत, बदली अशी कामं भराभर हातावेगळी होत होती.

मला मात्र त्या निवेदनांचा वास विसरता येत नाही. आढ्याला खोचलेल्या पन्नीत महिनोन्‌महिने जपलेल्या कागदांना चुलीच्या धुराचा वास लागतो. ते टेबलावर उलगडले की शिक्क्याच्या शाईचा वास त्यात मिसळतो. सरकारी फाइलीत गेल्यावर हा वास उडून जात असेल. इथे तो ताजा असतो, म्हणून कागद कोणत्या घरातून आला हे विसरता येत नाही.

दुपारी एक बाई आल्या. जवळच्याच गावच्या, चाळिशीच्या. सहायकांनी त्यांना ओळखलं आणि ते एकदम हळू बोलू लागले. वर्षभरापूर्वी त्यांच्या नवऱ्याला वाघाने मारलं होतं. सहायकांना वाटलं, त्या उरलेल्या पैशांसाठी आल्या आहेत.

‘‘मावशी, पासबुक आनलं का? पंचवीस लाखातले काही हाती भेटले न तुमाले? बाकीचे ठेवीत ठेवले असन.’’

‘‘भेटले जी. मी त्याच्यासाठी नाई आली.’’

‘‘मंग?’’

‘‘आमच्याकडं लाईट रातीच येते. त्याईले वाघानं धरलं ते पानी पाहाले गेले तवाच. आता पोरगा जाते पानी द्याले. तेवढी लाईट दिवसाची करून द्या.’’

सहायक क्षणभर गप्प राहिले, मग त्यांनी महावितरणच्या अभियंत्याच्या नावे पत्र लिहिलं. नोंदवहीत नाव, गाव, विषय, पत्र कोणाला आणि तारीख असे रकाने होते. विषयाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : वीज.

मी त्यांना जुनी नोंद दाखवायला सांगितलं. त्यांनी पानं मागे उलटली. त्याच गावचं, त्याच घरातलं नाव निघालं, विषय : वाघ, पत्र वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला. एका पानावर वाघ, दुसऱ्या पानावर वीज. दोन्ही नोंदी एकाच चुलीवरून आलेल्या, एकाच रात्रीच्या. नोंदवहीत मात्र त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

मग मी ‘वाघ’ लिहिलेल्या एकेका ओळीवर बोट ठेवत गेले आणि विचारत गेले, हा माणूस तेव्हा काय करत होता? सहायकांना प्रत्येकाचं पाठ होतं. हा गुराखी, नाल्यात ढोरं पाणी पीत होती. हा जागलीला गेला होता, रानडुकरं धान लोळवतात म्हणून. ही बाई गवत कापत होती, वाकलेली. ही मोहफुलं वेचायला पहाटे गेलेली. हा रात्री मोटार चालू करायला. एकही उत्तर शोधावं लागलं नाही. सगळं त्यांच्या डोक्यात होतं, कारण ते बहुतेक प्रत्येक घरी गेले होते. नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता, एवढंच.

हे काम किती कठीण आहे ते त्यांच्याकडूनच समजलं. हल्ला झाला की गाव जमतं, वनरक्षकाला घेराव पडतो आणि लेखी आश्वासन मिळेपर्यंत मृतदेह उचलू देत नाहीत. अशा वेळी आमदाराला किंवा त्याच्या माणसाला जावंच लागतं. न गेल्यास पुढच्या निवडणुकीत तेच निघतं. गेल्यास समोर रडणारं घर आणि चिडलेले दोनशे लोक. तिथे उभं राहून काय म्हणायचं? दोनच गोष्टी हातात असतात : वाघ जेरबंद करण्याची मागणी आणि रक्कम. पिंजरा लावण्याचा आदेश वरून यावा लागतो. रक्कम मात्र तिथेच उच्चारता येते. पंचवीस लाख. सहायक म्हणाले की हा आकडा आता पंचनामा होण्याआधीच गावाला ठाऊक असतो.

पुढे पंचनामा, शवविच्छेदन, वारसान दाखला आणि बँक खातं या वाटेने प्रकरण जातं. सहायकांची खरी मदत इथे होते. आधारवर एक आडनाव, सातबारावर दुसरं, पासबुकावर तिसरं असलं की महिने जातात आणि ते महिने वाचवायला हा माणूस तहसीलपासून बँकेपर्यंत फोन करत राहतो. त्याच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

मदतीचा हा आकडा पंचवीस लाखांपर्यंत कसा वाढत गेला, यात या जिल्ह्याच्या एका मोठ्या राजकीय कारकिर्दीचा इतिहास आहे. भाजपचे सुधीर मुनगंटीवार १९८९ आणि १९९१ च्या लोकसभा निवडणुकांत चंद्रपुरात काँग्रेसच्या शांताराम पोटदुखेंकडून हरले. १९९५ मध्ये ते विधानसभेत पोहोचले. त्याच सुमारास ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आकाराला येत होता. माणूस आणि वाघ या दोघांचंही राजकारण या जिल्ह्यात एकाच काळात वाढलं असं म्हणता येईल. पुनर्रचनेत चंद्रपूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली, म्हणून २००९ पासून ते बल्लारपूरचे आमदार आहेत. मूल आणि पोंभुर्णा हे तालुके त्याच मतदारसंघात येतात. सात वेळा निवडून आलेल्या या आमदाराकडे २०१४ ते २०१९ या काळात अर्थ आणि वन ही दोन्ही खाती एकाच वेळी होती. जंगलाच्या जिल्ह्यातल्या माणसाच्या हाती जंगल आणि तिजोरी एकत्र येणं ही साधी गोष्ट नव्हती. १ जुलै २०१६ ला दोन कोटी झाडं लावण्यापासून सुरू झालेली मोहीम २०१९ मध्ये तेहतीस कोटींच्या उद्दिष्टापर्यंत गेली. वाघाच्या हल्ल्यातली मदत त्याच कार्यकाळात पंधरा लाखांवर गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा वनमंत्री झाले, रक्कम वीस लाख झाली आणि नंतर पंचवीस.

मला याहून महत्त्वाचं वाटतं ते त्याच पहिल्या कार्यकाळातलं दुसरं काम : श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना. त्यातून जंगलालगतच्या गावांना गॅस आणि शेतांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळू लागलं. सरपणाला जाणारी बाई घरी राहिली तर एक मृत्यू टळतो. पण टळलेल्या मृत्यूचा पंचनामा होत नाही आणि त्याचा धनादेश देतानाचा फोटोही काढता येत नाही.

मतदाराचं गणित वेगळं असतं. २०२४ च्या लोकसभेत मुनगंटीवार अडीच लाखांहून अधिक मतांनी काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकरांकडून हरले. सहा महिन्यांत त्याच मुनगंटीवारांना बल्लारपूरने पुन्हा विधानसभेत पाठवलं. शेजारच्या ब्रह्मपुरीत विजय वडेट्टीवारांची वाट उलट दिशेने आलेली. २००४ मध्ये चिमूरमधून शिवसेनेचे आमदार, पुढच्या वर्षी नारायण राणेंबरोबर काँग्रेसमध्ये, २०१४ पासून ब्रह्मपुरीचे आमदार आणि दोनदा विरोधी पक्षनेते. त्यांच्या मतदारसंघात सावली आणि सिंदेवाही येतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन महिला तेंदूपत्ता तोडायला गेल्या असताना एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. सत्ता कोणाकडे आणि विरोध कोणाकडे, याने त्या जंगलात काही बदललं नव्हतं. याच पट्ट्यातून मारोतराव कन्नमवार १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले होते. मोठी माणसं देण्यात हा भाग कधी कमी पडलेला नाही.

मग अडतं कुठे? या जिल्ह्याने एकदा दाखवलं आहे की आमदार आणि मंत्र्यांना हलवता येतं. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार या संघटनेच्या पारोमिता गोस्वामींबरोबर हजारो बाया दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनापर्यंत पायी गेल्या. समिती नेमली गेली, ग्रामपंचायतींचे ठराव झाले आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी आली. मुनगंटीवार तेव्हा मंत्री होते. २०२१ च्या मे महिन्यात वडेट्टीवार पालकमंत्री असताना मंत्रिमंडळाने ती उठवली. बंदी बरोबर की चूक, हा वाद आजही घरोघर आहे. माझ्यासाठी त्यातली खरी गोष्ट ही की बाया एकेकट्या कार्यालयात निवेदन घेऊन गेल्या असत्या तर प्रत्येकीला ठाणेदाराच्या नावे एकेक पत्र मिळालं असतं. त्या एकत्र गेल्या, म्हणून कायदा हलला.

वाघाने मारलेल्या माणसांची घरं अशी एकत्र कधी येणार? मृत्यू वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या महिन्यांत होतात. प्रत्येक घर आपल्या दुःखासह एकटं कार्यालयात येतं आणि एकटंच परत जातं. त्यांना जोडण्याचं काम कोणाचं? माझ्या मते तेच आमदाराचं काम आहे. तेवढ्यासाठीच त्याला सभागृहात जागा दिली आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा ही साधनं एकेकट्या कागदांचा एक प्रश्न करण्यासाठीच असतात. सरकारला इतकंच विचारलं की किती मेले आणि किती मदत दिली, तर उत्तरात आकडा येतो आणि आकड्याचं उत्तर आणखी मोठा आकडा हेच असतं. पंधरा, वीस, पंचवीस. पण कोणी विचारलं की मेलेल्यांपैकी किती जण रात्री मोटार सुरू करायला गेले होते, तर उत्तर वनखात्याला एकट्याला देता येणार नाही, ऊर्जा खात्याला उभं राहावं लागेल. कृषिपंपांना आलटून पालटून दिवसा आणि रात्री वीज देण्याची पद्धत वाघाच्या रानात वेगळी का नाही, याचा हिशेब तिथे होईल. दिवसा वीज देणाऱ्या सौर वाहिन्यांच्या योजनेत जंगलालगतच्या गावांचा क्रम आधी का नाही, हेही विचारता येईल. किती जण जागलीला गेले होते असं विचारलं तर सौर कुंपणाचं अनुदान कोणत्या गावात पोहोचलं नाही ते पुढे येईल.

निघताना मी सहायकांना म्हटलं, नोंदवहीत आणखी एक रकाना आखा : माणूस तेव्हा काय करत होता. ते म्हणाले, ‘‘लिहिलं तर का होईन? विचारनार कोन?’’ प्रश्न रास्त आहे आणि तो त्यांच्यासाठी नाहीच. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून विधानसभेचे नऊ मतदारसंघ आहेत. या नऊ आमदारांच्या कार्यालयांनी असा रकाना आखून त्याची बेरीज डिसेंबरपर्यंत केली, तर नागपूरच्या अधिवेशनात पक्ष बाजूला ठेवून एक प्रश्न लावता येईल. सत्ताधारी कोण आणि विरोधक कोण, याने त्या बेरजेत फरक पडणार नाही. त्या बाईंच्या मुलाला पुढच्या उन्हाळी धानाला रात्री बांधीत जावं लागू नये, इतकंच हे काम आहे. आणि ते झालं, तर कार्यअहवालात छापण्यासारखी ओळ पंचवीस लाखांची असणार नाही. ती असेल : आमच्या मतदारसंघात या वर्षी रात्री पाणी द्यायला गेलेलं कोणी मेलं नाही.