जमिनीखालचे पाणी आणि जमिनीवरची माणसे

आमच्या वळसंगमध्ये आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या गावांमध्ये जमीन हादरल्याची बातमी आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. किल्लारीसारखे आपल्याकडे होईल का, हा पहिला. माणसाने जमिनीत इतकी भोके पाडली म्हणूनच हे होते का, हा दुसरा. ३ एप्रिल २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात सांगोला परिसरात २.६ तीव्रतेचा सौम्य धक्का नोंदला गेला, तेव्हाही हीच चर्चा निघाली. कोणी बोअरला दोष दिला, कोणी खाणीतल्या सुरुंगाला, कोणी नशिबाला. परदेशात जमिनीत पाणी कोंबून वायू काढतात आणि तिथे धक्के बसतात, हेही मोबाईलमुळे आता पोरासोरांना ठाऊक झाले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, नशिबाची गोष्ट आपण बाजूला ठेवू. बाकीच्या प्रश्नांना विज्ञानाकडे बऱ्याच अंशी उत्तर आहे आणि ते प्रत्येक कुटुंबाने समजून घेतले पाहिजे. कारण भूकंप कोणामुळे आला हा वाद तज्ज्ञ करतील. भिंत मात्र आपल्या अंगावर पडते.

कोयनेचा धडा

माणसाच्या कामामुळे भूकंपाला चालना मिळते, याचे जगातले सर्वात गाजलेले उदाहरण आपल्या सातारा जिल्ह्यात आहे. कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले. सुमारे दोनशे माणसे गेली. धरणाच्या पाण्यामुळे चालना मिळालेला हा जगातला सर्वात मोठा भूकंप मानला जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेचे डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेचा अनेक दशके अभ्यास केला. पुढे या परिसरात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकाची तपासणी झाली.

पाणी तिथे नेमके काय करते? जमिनीच्या पोटात खडकांना जुन्या भेगा असतात. दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवर दाबून बसलेले असतात आणि त्यांच्यात ताण साठलेला असतो. भेगेत पाणी शिरून त्याचा दाब वाढला की पकड सैल होते आणि खडक सरकतो. उतारावर उभ्या केलेल्या भरल्या बैलगाडीच्या चाकाखालची उटी काढावी, तसे हे आहे. गाडीतले वजन उटीने भरलेले नसते, पण उटी निघाली की गाडी सुटते.

म्हणून धरणे नकोत, असे आमचे म्हणणे नाही. उजनी भरली तर सोलापूर जगते. मजूरमंत्री असताना खुद्द बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्यासारख्या योजनांचे धोरण आखले, ते पाणी आणि वीज गोरगरिबांपर्यंत पोचावी म्हणून. आमचे म्हणणे इतकेच की निसर्गाला हात घालताना त्याच्या परिणामाची जबाबदारीही घेतली पाहिजे.

फ्रॅकिंग म्हणजे काय?

काही ठिकाणी शेल नावाच्या चिकणमातीच्या जुन्या खडकात वायू आणि तेल अडकलेले असते. ते काढण्यासाठी हजारो फूट खोल विहीर घेतात आणि पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने आत सोडून खडक तडकवतात. याला फ्रॅकिंग म्हणतात. एका विहिरीला कोटी लिटरच्या घरात पाणी लागू शकते. वायूबरोबर खारट, दूषित पाणी वर येते आणि ते पुष्कळदा दुसऱ्या खोल विहिरीत परत कोंबले जाते.

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात २००९ पूर्वी ३ पेक्षा मोठे धक्के वर्षाला एखाद-दुसरा येत. २०१५ मध्ये ते सुमारे नऊशे झाले. ३ सप्टेंबर २०१६ रोजी तिथे पॉनी गावाजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. यातले बहुतेक धक्के खडक तडकवल्यामुळे नव्हे, तर तेलाबरोबर वर आलेले पाणी पुन्हा जमिनीत कोंबल्यामुळे आले, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यावर निर्बंध आल्यावर धक्के कमी झाले. मात्र पंप बंद केला की लगेच जमीन शांत होते, असेही नाही. डेन्व्हरजवळ अमेरिकी लष्कराच्या रसायन कारखान्याचे सांडपाणी १९६२ पासून खोल विहिरीत सोडले जात होते. धक्के बसू लागल्यावर १९६६ मध्ये ते थांबवले. तिथला सर्वात मोठा धक्का त्यानंतर, १९६७ मध्ये आला.

लोकांनी आवाज उठवल्यावर काय होऊ शकते, तेही पाहा. फ्रान्सने २०११ मध्ये फ्रॅकिंगवर बंदी घातली. इंग्लंडमध्ये नियम होता की ०.५ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला तरी पंप थांबवायचा. इतका धक्का माणसाला जाणवतही नाही. तिथे ब्लॅकपूलजवळ २.९ चा धक्का बसला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने स्थगिती दिली. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेन भागात वायू उपसल्याने जमीन हादरून हजारो घरांना तडे गेले. तिथे कायदाच बदलला. भेग भूकंपाची आहे हे घरमालकाने सिद्ध करायचे नाही. ती भूकंपाची नाही हे कंपनीने सिद्ध करायचे. शेवटी २०२३ मध्ये तिथले उत्पादन थांबवण्यात आले.

आपल्याकडे काय?

सोलापूर जिल्हा ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या पाषाणात शेलचा वायू नसतो, त्यामुळे वळसंगच्या शिवारात कोणी फ्रॅकिंग करत असल्याची अफवा कानावर आली तर ती पुढे ढकलू नये. आपल्या बोअरमुळेही भूकंप होत नाही. बोअर काहीशे फूट, फार तर हजार फूट जाते. भूकंपाचे उगमस्थान काही किलोमीटर खोल असते. बोअरचे दुखणे वेगळे आहे. एकाचे खोल बोअर चालू झाले की वस्तीचा हातपंप कोरडा पडतो आणि बायाबापड्यांच्या डोक्यावर पुन्हा घागर येते. सुरुंगाने भिंतींना तडे जातात, तेही खरे. या तक्रारी भूकंपाच्या नावाखाली मिसळू नयेत. त्यांची दाद वेगळी मागावी.

देशात मात्र शेल वायूचा शोध सुरू झालेला आहे. ओएनजीसीला जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात दुर्गापूरजवळ असा वायू सापडला. २०१३ मध्ये केंद्राने त्यासाठी धोरण जाहीर केले आणि गुजरातमध्येही विहीर घेतली गेली. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरणाच्या नियमात बदल करून तेल व वायूच्या शोधविहिरींना जनसुनावणीतून वगळण्यात आले. म्हणजे पहिले भोक पडेपर्यंत गावाला विचारण्याचे बंधन उरले नाही. ही बाब सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

किल्लारीत कोण मेले, कोणाला काय मिळाले?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्याने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावेच्या गावे गाडली गेली. आठ ते दहा हजार माणसे दगावली. जवळच माकणीला निम्न तेरणा धरण आहे. त्याचा या भूकंपाशी संबंध काही शास्त्रज्ञांनी जोडला, अनेकांनी नाकारला. त्यावर एकमत झालेले नाही. पण वर्षभर आधी, १९९२ मध्ये, किल्लारी परिसरात वारंवार धक्के बसत होते, ही नोंद आहे. तरी ना गावे हलली, ना घरे बदलली. सरकारी नकाशात तो भाग सर्वात कमी धोक्याचा होता!

माणसे मेली ती मुख्यत्वे घरांमुळे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर दोन-दोन फूट मातीचे माळवद. हलक्या छपराच्या, कुडाच्या झोपड्यांत राहणारे पुष्कळ जण वाचले. गरिबीने आयुष्यभर छळले, त्या रात्री तिनेच जीव राखला.

पुढे बावन्न गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. घरे वाटताना मोजपट्टी लावली ती जमिनीची. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फूट, त्याहून अधिक असणाऱ्यांना ७५० चौरस फूट. धरणी हादरली ती सातबारा पाहून नव्हे. मदत मात्र सातबारा पाहून मोजली गेली. ज्या समाजाला शतकानुशतके जमीन बाळगू दिली नाही, त्याच्या वाट्याला लहान घर येणार हे उघडच होते. भूकंप निसर्गाचा असेल, पण ही वाटणी माणसाची होती.

आपण काय करावे?

कारकुनीच्या नोकरीत आम्ही कागदाचे मोल रोज पाहतो. म्हणून पहिली गोष्ट कागदाची. आपले घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंदलेले आहे का, ते आजच पाहा. नोंद नसेल तर लेखी अर्ज करून पोच घ्या. घर पती-पत्नी दोघांच्या नावे करा. संकटानंतर कागद शोधण्यात महिने जातात.

दुसरी गोष्ट घराची. आपल्याकडे अजून माळवदाची घरे आहेत. दर पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकत गेल्याने ओझे वाढत जाते. गवंड्याच्या सल्ल्याने ते कमी करा. भिंतीच्या दोन थरांना बांधणारे आरपार दगड घालून घ्या. खांब आणि तुळया यांना तिरपे आधार द्या. किल्लारीनंतर घरांच्या मजबुतीकरणात हेच उपाय सांगितले गेले. झोपण्याच्या जागेवर भांड्यांची फळी ठेवू नका. भिंतींचे फोटो तारखेसह काढून ठेवा. पुढे तडा गेला तर पुरावा राहील.

तिसरी गोष्ट ग्रामसभेची. धरण, खाण, कारखाना, खोल विहीर, काहीही येणार असेल तर चार प्रश्न लेखी विचारा. पाणी किती आणि कुठून घेणार? घाण पाणी कुठे सोडणार? काम सुरू होण्याआधीपासून भूकंपमापकाची नोंद ठेवून ती मराठीत गावात लावणार का? किती धक्क्याला काम थांबवणार? ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तिची किमान तीस दिवस आधी जाहिरात द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो. तो मागून घ्या. मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. महिला ग्रामसभेत हा विषय आधी मांडा. पाणी भरणारीला पाण्याचे जेवढे कळते तेवढे टेबलावरच्यांना कळत नाही.

आणि चौथी मागणी सर्वात मोठी. नुकसानभरपाईचा आधार सातबारा नको, माणूस हवा. भाड्याच्या खोलीत राहणारा, सालगडी, विधवा, यंत्रमागावर राबणारा, सगळ्यांची नोंद आधीच झाली पाहिजे. भेग प्रकल्पामुळे नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे नेदरलँड्सप्रमाणे प्रकल्पवाल्यावर हवे.

भूकंप अमुक तारखेला होईल, असे जगातला कोणीही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण घर मजबूत कसे करावे आणि प्रश्न कोणाला विचारावा, हे आपल्याला आजच ठरवता येते. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेण्यासाठी अर्ज द्या, त्याखाली वस्तीतल्या प्रत्येक घराची सही घ्या, आणि अर्जाची पोच जपून ठेवा.