विद्या, युद्ध आणि अनुबोधपट

चाकरी आणि विवेक यांची ओढाताण मंगळवेढेकरांस नव्याने सांगावयास नको. दुष्काळात बादशाही कोठार रयतेला खुले करणारे दामाजीपंत आपल्या गावाचेच. तशीच ओढाताण आपल्या अनुबोधपटाच्याही वाट्यास आली.

या कलेचे आरंभीचे उपासक विद्याव्यासंगी होते. डॉ. पी. व्ही. पाथी पॅरिसला शिकले, के. एस. हिर्लेकर जर्मनीत. दीनानाथ तेंडुलकर मॉस्कोस आयझेनस्टाईन यांजकडे गेले. पुढे त्यांनीच महात्माजींचे आठ खंडांचे चरित्र लिहिले. चित्रपट हे लोकशिक्षणाचे साधन व्हावे, ही त्यांची तळमळ.

परंतु साधन हाती आले ते युद्धामुळे. १९४० मध्ये सरकारने फिल्म ॲडव्हायजरी बोर्ड नेमले, व्ही. शांताराम काही काळ त्याचे प्रमुख निर्माते होते. १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया निघाली आणि युद्धप्रचाराचे पट दाखविणे चित्रगृहांवर सक्तीचे झाले. तंत्रज्ञ तयार झाले, यंत्रे आली. पण 'चले जाव'नंतरच्या त्या दिवसांत प्रेक्षकांचा विश्वास कोठून यावा?

१९४६ मध्ये ती संस्था मोडली. परिणाम असा, की १५ ऑगस्ट १९४७ चा सोहळा टिपावयास सरकारी चित्रपथक नव्हते. ते काम खासगी छायालेखकांनी केले. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली, ती युद्धकाळी कमावलेल्या कसबावरच.

तात्पर्य, श्रोतेहो, कसब कोणाच्याही चाकरीत शिकता येते. विश्वास मात्र कोठार लोकांसाठी उघडले तरच मिळतो. पडद्यावरील 'सत्य' पाहताना, ते कोणाच्या हुकमाने दिसते आहे, एवढे अवश्य विचारावे.