अरबी समुद्राचें वादळी वर्ष

वादळांचें माहेर म्हणून बंगालच्या उपसागराची ख्याति फार जुनी आहे. 'सायक्लोन' हा शब्दच मुळीं कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन या इंग्रज अभ्यासकानें १८४८ च्या सुमारास रूढ केला. त्या मानानें अरबी समुद्र शांत समजला जाई. पूर्वेकडे चार वादळें उठावीं तेव्हां पश्चिमेकडे एखादें उठे. २०१९ सालीं मात्र हा हिशेब उलटला. दोन्ही समुद्रांवर मिळून त्या वर्षीं आठ चक्रीवादळें झालीं. त्यांपैकीं पांच एकट्या अरबी समुद्रांत उठलीं. १९०२ नंतर असें वर्ष आलें नव्हतें.

जूनमध्यें वायु, सप्टेंबरांत हिक्का, ऑक्टोबरांत क्यार व महा, आणि डिसेंबरांत पवन, असा त्यांचा क्रम होता. या समुद्रांवरील वादळांस भोवतालच्या देशांनीं सुचविलेलीं नांवें पाळीपाळीनें देण्याची पद्धति २००४ पासून सुरू आहे. त्यामुळें वायु हें नांव भारताचें, महा हें ओमानचें, तर क्यार हें ब्रह्मदेशाचें.

वादळ उठतें तें कशामुळें? समुद्राच्या वरच्या सुमारें पन्नास मीटर थरांतील पाणी साडेसव्वीस अंशांहून अधिक उष्ण झालें, म्हणजे त्यावरील दमट हवा वेगानें वर चढूं लागते. उंचावर वाफेचें पाणी होतें, आणि त्या वेळीं मोकळी होणारी उष्णता हवेस आणखी वर लोटते. खालीं दाब उतरतो. ती उणीव भरून काढण्यास चहूंकडून वारे धांवतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळें, उत्तर गोलार्धांत, घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें गरगरूं लागतात. परंतु खालचे व वरचे वारे परस्परविरुद्ध दिशांनीं जोरानें वाहात असतील, तर हा उभा खांब मोडून पडतो. ऐन पावसाळ्यांत अरबी समुद्रावर तसेंच घडतें. म्हणून वादळें बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशीं किंवा तो सरल्यावर येतात.

मग २०१९ सालीं विशेष काय घडलें? त्या वर्षीं हिंदी महासागराचें तपमान तराजूप्रमाणें एका बाजूस कललें. सुमात्रा बेटाजवळचें पाणी थंड पडलें आणि आफ्रिकेच्या बाजूचें तापलें. या स्थितीस शास्त्रज्ञ 'द्विध्रुव' म्हणतात, आणि त्या वर्षींचा द्विध्रुव आजवर मोजलेल्यांपैकीं अत्यंत प्रबळ अशांत गणला जातो. तापलेल्या पश्चिम भागांत वादळांस इंधनाचा तोटा पडला नाहीं.

२५ ऑक्टोबरास क्यार रत्नागिरीपासून सुमारें दोनशे किलोमीटरांवर होतें. तेथून तें पश्चिमेकडे वळलें, आणि २७ ऑक्टोबरास, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं, त्याचें महाचक्रीवादळ झालें. वाऱ्याचा वेग ताशीं २४० किलोमीटरांपर्यंत गेला. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रानें असें वादळ पाहिलें नव्हतें. तें शमण्यापूर्वींच लक्षद्वीपाजवळ महा उठलें. तथापि वर्षांतील पांचांपैकीं एकही वादळ चक्रीवादळाच्या रूपांत भारताच्या किनाऱ्यास लागलें नाहीं.

आतां कबनूरचा विचार करावा. इचलकरंजीस लागून असलेलें हें गांव समुद्रापासून सरळ रेषेनें सुमारें सव्वाशे किलोमीटर दूर; मध्यें सह्याद्रीची भिंत. किनाऱ्यासही न लागलेल्या वादळाशीं त्याचा संबंध काय? संबंध असा, कीं वादळाचे ढग केंद्रापासून शेंकडों किलोमीटर पसरलेले असतात. वादळ कोंकणाच्या पश्चिमेस असतां त्याच्या पूर्वेकडील अंगाचे वारे दक्षिणेकडून येतात व समुद्रावरील ओल जमिनीवर ओढून आणतात. तेच दिवस सोयाबीन काढणीचे. कापलेलें पीक शेतांत पडलेलें असतां चार दिवसांची झड त्यास कोंब आणण्यास पुरेशी होते. त्या वर्षीं ऑक्टोबर अखेरच्या अवकाळी पावसानें राज्यभर खरिपाची हानि झाली. नाशिककडील द्राक्षबागाही त्यांतून सुटल्या नाहींत. नोव्हेंबरांत राज्यपालांनीं, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत, खरीप पिकांस हेक्टरी ८,००० व फळबागांस १८,००० रुपये मदत जाहीर केली.

त्याच सालच्या ऑगस्टांतील पंचगंगेचा महापूर पुष्कळ लोक या वादळांच्याच खातीं मांडतात; तें बरोबर नाहीं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५५ फुटांच्या वर चढलें, तें घाटमाथ्यावरील मोसमी अतिवृष्टीमुळें. महापुराची चाहूल नदीच्या पातळीवरून लागते. वादळाच्या पावसाची चाहूल हवामानखात्याच्या वार्तेंतून घ्यावी लागते.

पुढें ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, आणि मे २०२१ मध्यें तौक्ते कोंकणपट्टी झोडपीत उत्तरेस गेलें. अरबी समुद्राचें पाणी तापत चाललें आहे, हें मोजमापांवरून सिद्ध झालें आहे. तेव्हां 'वादळ दूर निघून गेलें' अशी वार्ता येतांच देशावरील शेतकऱ्यानें निश्चिंत होऊं नये. त्या वार्तेंत आपल्या जिल्ह्यासाठीं पावसाचा इशारा आहे काय, तें आधीं पाहावें, आणि असल्यास कापलेलें पीक त्याच दिवशीं आडोशास न्यावें.