फ्रीजमध्ये काय ठेवावे, कसे ठेवावे



तोडलेला ऊस लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे, नाहीतर उतारा घटतो, हे आपणास सांगायला नको. तोडल्यावरही उसाचा श्वास चालू असतो आणि जंतू त्याची साखर खाऊ लागतात. भाजीपाल्याचे, दुधाचे, शिजलेल्या अन्नाचे तेच आहे. थंडीने ही क्रिया मंदावते, थांबत नाही.

आपली पुष्कळ माणसे वाशी-तुर्भ्याच्या बाजारात माथाडी कामाला आहेत. कांदा-बटाटा बाजार १९८१ साली मुंबईतून तिकडे हलला, फळे-भाजीपाला १९९६ साली. मागोमाग पोरे कोपरखैरणे, घणसोलीला राहायला गेली. गावाकडून पोते पोचले की सगळे फ्रीजमध्ये कोंबायचे, असा तिथे रिवाज दिसतो. तो चुकीचा आहे. कांद्याला वारा लागतो, म्हणून तर आपण कांदाचाळ बांधतो. फ्रीजच्या दमटपणात तो नासतो. बटाट्यातील पिष्टाची थंडीने साखर होते. (उसाला थंडी मानवते, बटाट्याला नाही!) असा बटाटा गोडसर लागतो, तळला की काळा पडतो. केळी काळवंडतात, कच्चा आंबा पिकतच नाही. पालेभाजी, गाजर, मटार मात्र खुशाल ठेवावेत. पण वस्तू खेटून भरू नयेत, गार हवा फिरली पाहिजे.

खालच्या कप्प्यात ४ अंशांच्या आत आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंश सेल्सिअस तापमान असावे. ५ ते ६० अंशांत जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजलेले अन्न दोन तासांत आत गेले पाहिजे, खाडीकाठच्या उन्हाळ्यात तर तासाभरातच. पातेलेभर कालवण मधून लवकर निवत नाही, ते पसरट भांड्यांत काढून ठेवावे. भाताची विशेष काळजी घ्यावी. त्यातले काही जंतू शिजवूनही बीजरूपाने उरतात आणि भात बाहेर राहिला की विष तयार करतात. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. "उकळी आणली की झालं" यावर विसंबून लेकराबाळांना शिळा भात देऊ नये. फ्रीजमधले शिजलेले अन्नही तीन-चार दिवसांत संपवावे.

कच्चे मटण, मासळी झाकून सर्वांत खाली ठेवावी, म्हणजे तिचे पाणी इतर अन्नावर ठिबकत नाही. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, झोपतात. गोठलेले मटण खालच्या कप्प्यात सावकाश सुटू द्यावे. बाहेर ठेवून सुटलेले पुन्हा गोठवू नये.

वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रीज सुमारे चार तास गार राहतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस. यात्रेला खोली बंद करून गावी येणाऱ्यांनी फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे तळाशी बर्फात दिसले, तर मागे वीज बराच वेळ जाऊन आली असे समजावे आणि आतले मटण-मासळी कुत्र्यालाही घालू नये.